रानमांजर, बिबट्या आणि आपण

मांडवगण फराट्याच्या एका शेतकरी वाचकांचे पत्र माझ्यापुढे आहे. ते लिहितात, "ऊसतोड चालू असताना फडात तीन पिल्ले सापडली. अंगावर ठिपके होते. तोडकरी म्हणाले, बिबट्याची आहेत. आमचे वडील म्हणाले, वाघाटीची आहेत. तेवढ्यात आमच्या धाकट्याने एक पिल्लू उचलले आणि त्याने मनगटावर ओरखडा काढला. थोडे रक्त आले, पण जखम अगदी बारीक आहे. यासाठी इंजेक्शन घ्यावे का? आणि ही रानमांजरे माणसांना, कोंबड्या-शेळ्यांना, घरच्या कुत्र्यामांजरांना धोक्याची असतात का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना त्याच दिवशी फोनवरून कळवले, कारण ते सदराच्या वारापर्यंत थांबण्यासारखे नव्हते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि आजच्या आज मुलाला रेबीजची लस सुरू करा, एवढेच ते उत्तर होते. दुसरा प्रश्न मात्र शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या भीमाकाठच्या प्रत्येक घराचा आहे. म्हणून आजचे सदर त्यासाठीच.

उसात राहते कोण?

भीमा आणि घोड नद्यांचे पाणी, घोड व चासकमान धरणांचे कालवे यांमुळे शिरूर तालुक्याचा बराचसा कोरडवाहू भाग गेल्या काही दशकांत हिरवा झाला. जिथे बाजरी आणि मटकी होती तिथे ऊस आला. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. त्यात सावली असते, जवळ पाणी असते, आणि पाचटात उंदीर-घुशी भरपूर असतात. रानातल्या प्राण्याला यापेक्षा आणखी काय हवे? म्हणून आपल्या उसात आज तीन प्रकारची मांजरे राहतात. ती नीट ओळखली की निम्मी भीती कमी होते, आणि उरलेली भीती योग्य जागी ठेवता येते.

पहिले रानमांजर. काही ठिकाणी याला बाऊल म्हणतात. घरच्या मांजरापेक्षा मोठे, पाय लांब, रंग वाळूसारखा भुरकट. अंगावर ठळक ठिपके नसतात. पायांवर पुसट पट्टे, शेपूट आखूड, तिच्या टोकाला काळी वलये, आणि कानांच्या टोकांना बारीक काळे केस. वजन साधारण तीन ते आठ किलो. याचे मुख्य अन्न उंदीर. एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर मारते असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाचा हिशेब वाचकांनीच करावा. उंदीर पिकाची नासाडी करतो आणि त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजारही पसरतो. त्या दृष्टीने रानमांजर हा बिनपगारी राखणदारच म्हणायचा.

दुसरी वाघाटी. जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी ही एक आहे. पूर्ण वाढलेली वाघाटी एक ते दीड किलोची, म्हणजे आपल्या घरच्या मांजरापेक्षाही लहान. करड्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर पांढरट रेघा, शेपूट मात्र जवळजवळ साधी. ही भारत, श्रीलंका आणि नेपाळ या देशांतच सापडते. ठिपक्यांमुळे तिची पिल्ले बिबट्याची समजली जातात आणि साऱ्या गावाची झोप उडते.

तिसरा बिबट्या. आपल्याकडे याला सरसकट वाघ म्हणतात. नर पन्नास ते सत्तर किलोचा, मादी त्याहून बरीच हलकी. अंगावरचे ठिपके सुटे नसून फुलासारखे पुंजके असतात. शेपूट लांब आणि जाड. मादी उसात दोन-तीन पिल्ले घालते. पिल्लांचे पंजे आणि डोके अंगाच्या मानाने थोराड दिसते.

पहिली दोन मांजरे आणि तिसरा बिबट्या यांच्यात धोक्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो विसरला की दोन चुका होतात. एक तर निरुपद्रवी वाघाटीला काठ्यांनी मारले जाते, किंवा बिबट्याच्या पिल्लाला मांजर समजून मुले खेळायला घेतात. यातली दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

लहान रानमांजरांचा धोका किती?

रानमांजर किंवा वाघाटी माणसावर आपणहून हल्ला करत नाही. माणसाची चाहूल लागताच पळून जाते. कोपऱ्यात अडकली, पोत्याखाली पकडली, पिल्लांना हात लावला, तरच चावते किंवा ओरबाडते. तान्ह्या बाळाला रानमांजराने उचलून नेल्याच्या गोष्टी ऐकू येतात, पण त्या प्राण्याचा आकार आणि ताकद पाहता त्यात तथ्य नाही.

अमेरिकेत आपल्या रानमांजराचा एक थोराड भाऊबंद आहे, त्याला बॉबकॅट म्हणतात. आपल्या भागातली पुष्कळ मुले नोकरीनिमित्त तिकडे आहेत, आणि घरामागच्या अंगणात हा प्राणी दिसला की इकडे आईवडिलांना काळजी लागते. त्याची शेपूट तोडल्यासारखी आखूड असते, वजन साधारण सहा ते चौदा किलो. तोही माणसाला टाळतो. माणसांवर त्याने केलेले हल्ले फार थोडे आहेत, आणि त्यांतले बरेचसे हल्ले रेबीज झालेल्या प्राण्याने केलेले होते. मात्र कोंबड्या, ससे, मोकळी सोडलेली मांजरे आणि छोट्या जातीची कुत्री यांना तो पकडतो.

हा अनुभव आपल्यालाही उपयोगी आहे. जंगली मांजर माणसाला घाबरत नसेल, भर दिवसा अंगावर येत असेल, झोकांड्या खात असेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर ते पिसाळलेले असण्याची शंका घ्यावी. मग त्याच्या जवळ जाऊ नये, मुलांना आत घ्यावे आणि वनखात्याला कळवावे. हाच नियम कोल्हा, लांडगा, मुंगूस यांनाही लागू.

पाळीव प्राण्यांचे म्हणाल तर रानमांजर कोंबड्या आणि पिल्ले नेते, यात शंका नाही. मोठी शेळी किंवा कुत्रा त्याच्या आवाक्याबाहेर असतो. खुराड्याला बारीक जाळी, खाली फरशी किंवा दगडी तळ, आणि रात्री घट्ट बसणारी कडी एवढे केले की प्रश्न मिटतो. घरच्या मांजराशी त्याची मारामारी होऊ शकते, आणि तिथेच रोग घरात येण्याची वाट उघडते. म्हणून घरच्या कुत्र्याला आणि मांजराला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. गाय-म्हैस किंवा शेळीला संशयित प्राणी चावला तरी पशुवैद्यांना लगेच दाखवावे. चावल्यानंतर द्यायची लस जनावरांसाठीही असते.

बिबट्याचा धोका मात्र खरा

येथे मला शब्द तोलून वापरावे लागतात. "बिबट्या काही करत नाही" असे सांगणे खोटे ठरेल. मांडवगण फराट्याच्या शिवारात २०२४ साली बिबट्याच्या हल्ल्यात एक लहान मूल गेले. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पिंपरखेड-जांबुत भागात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अवघ्या तीन आठवड्यांत एक लहान मुलगी, एक वृद्ध स्त्री आणि एक शाळकरी मुलगा, असे तीन बळी गेले. लोकांचा संताप रस्त्यावर आला, महामार्ग अडवला गेला, आणि अखेर एक बिबट्या गोळ्या घालून मारण्यात आला. तेथील माणसे शेतात जाताना गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधू लागली. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पूर्वापार जो काटेरी पट्टा घालतात, तोच माणसाने स्वतःच्या गळ्यात घालावा, यावरून भीती किती खोल गेली असेल हे समजते.

पण भीती आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळजी घ्यायची तर बिबट्या वागतो कसा, हे माहीत हवे.

शेजारच्या नगर जिल्ह्यात अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या दाट वस्तीच्या शेतीभागात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे राहत होते, आणि अभ्यासाच्या काळात तेथे माणसावर एकही जीवघेणा हल्ला झाला नाही. बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहारही तपासला गेला. वजनाने मोजले तर ८७ टक्के खाणे पाळीव प्राण्यांचे निघाले. त्यात सर्वांत मोठा वाटा शेळ्यांचा नव्हता, कुत्र्यांचा होता. ३९ टक्के कुत्री, १५ टक्के मांजरे आणि ११ टक्के शेळ्या. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त असूनही हे असे, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रा मोकळा असतो.

या आकड्यांचा अर्थ साधा आहे. बिबट्या वस्तीवर येतो तो मुख्यतः कुत्र्यासाठी. कुत्री जमतात उकिरड्यावर, कोंबड्यांच्या टाकलेल्या आतड्यांवर, मेलेल्या जनावरांवर. म्हणजे गावाच्या कडेचा उकिरडा हा नुसता माश्यांचा आणि जुलाबाचा प्रश्न नाही, तो बिबट्याचाही प्रश्न आहे. पोल्ट्रीतील मेलेल्या कोंबड्या ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात पुराव्यात. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ग्रामपंचायतीने हाती घेतले तर रेबीज आणि बिबट्या, दोहोंना आळा बसेल.

दुसरा धडा जुन्नरचा. दिसला बिबट्या की पकडा आणि दूर जंगलात सोडा, ही मागणी सर्वत्र होते. जुन्नर भागात २००१ पासून असे मोठ्या प्रमाणावर केले गेले. १९९३ ते २००१ या काळात तेथे वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पकडून सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी सतरावर गेली. आपली जागा गमावलेला, अनोळखी मुलखात सोडलेला, माणसाच्या हातून पकडला गेलेला प्राणी अधिक बिथरतो, असे याचे स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले. शिवाय एक बिबट्या हलवला की रिकाम्या जागी दुसरा येतो. तेव्हा माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे, यात दुमत नाही. पण नुसता दिसलेला प्रत्येक बिबट्या हलवल्याने गाव सुरक्षित होत नाही. काही पकडलेले आणि जखमी बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात ठेवलेले आहेत.

कोणाला अधिक जपावे?

बिबट्या आपल्या उंचीवरून माणसाला जोखतो. उभा, मोठा माणूस त्याला भक्ष्य वाटत नाही. लहान मूल आणि वाकलेला किंवा बसलेला माणूस मात्र त्याला चार पायांच्या प्राण्यासारखा दिसतो. हल्ले बहुधा संध्याकाळी, रात्री आणि पहाटे होतात. यावरून कोणाला जपायचे ते ठरवता येते.

सर्वांत आधी दहा-बारा वर्षांखालील मुले. दिवेलागणीनंतर मुलांनी अंगणाच्या उजेडाबाहेर एकट्याने जाऊ नये. घराला लागून ऊस असेल तर मधली काही फूट जागा मोकळी, साफ ठेवावी. घराच्या उसाकडील बाजूला एक दिवा रात्रभर असावा. शाळेत मुलांनी घोळक्याने, मोठ्या माणसाबरोबर जावे.

दुसरे, ऊसतोड मजुरांची मुले. वस्तुतः ती पहिल्या क्रमांकावर लिहायला हवीत. बीड-नगरकडून आलेली ही कुटुंबे उघड्या रानात कोप्या टाकून राहतात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात, पोर पाचटावर किंवा गाडीखाली झोपलेले असते. त्या कोपीला दार नाही, दिवा नाही, संडास नाही. ज्यांच्या शेतात तोड चालू आहे त्या बागायतदारांना माझी हात जोडून विनंती आहे की कोप्या उसाला चिकटून टाकू देऊ नका, तेथे एक दिवा ओढून द्या, आणि तोडीच्या वेळी सर्व मुलांना एका जागी एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवण्याची व्यवस्था करा. आपल्या घरातल्या मुलासाठी जे कराल, तेवढेच त्यांच्यासाठी करा.

तिसरे, परसाकडे बाहेर जाणारे. बसलेल्या अवस्थेत, अंधारात, उसाच्या कडेला यापेक्षा धोक्याची वेळ नाही. घरचा संडास बांधून त्यात जळण ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. रोगराईसाठी संडास वापरा असे आम्ही डॉक्टर पूर्वीपासून सांगत आलो, आता जिवासाठी वापरा असे सांगतो.

चौथे, रात्री दारे धरायला जाणारे शेतकरी. वीज रात्रीच्या पाळीत आली की जाणे भाग पडते. अशा वेळी दोघांनी जावे, हातात मोठी बॅटरी आणि काठी असावी, मोबाईलवर गाणी किंवा बातम्या मोठ्याने लावाव्यात. माणसाच्या आवाजाने बिबट्या आधीच बाजूला होतो. खाली वाकून काम करताना एकाने उभे राहून लक्ष द्यावे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी ही मागणी आता आरोग्याचीही मागणी झाली आहे, हे संबंधितांनी ध्यानात घ्यावे.

पाचवे, पाळीव जनावरे. शेळ्या-मेंढ्या, वासरे रात्री चारी बाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या गोठ्यात ठेवावीत. नुसते कुंपण पुरत नाही, बिबट्या झाडावर चढतो तसा भिंतीवरूनही सहज उतरतो. कुत्रा अंगणात साखळीने बांधून ठेवणे म्हणजे त्याला पळायची वाटही न ठेवणे. रात्री त्याला आत घ्यावे. ज्या ओसरीवर कुत्रा झोपतो, त्याच ओसरीवर मुले झोपवू नयेत.

बिबट्या समोर आलाच तर

पळू नये. पळणाऱ्याच्या मागे धावणे हा मांजरकुळाचा स्वभाव आहे. वाकू नये, बसू नये. बरोबर मूल असेल तर ताबडतोब उचलून घ्यावे. ताठ उभे राहावे, हात किंवा पंचा वर करून मोठे दिसावे, मोठ्याने ओरडावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे. हल्ला झालाच तर मान आणि गळा हातांनी झाकावा आणि मिळेल त्या वस्तूने जोरात प्रतिकार करावा. पुष्कळ वेळा आरडाओरडा आणि प्रतिकार झाल्यावर बिबट्या सोडून जातो.

बिबट्या विहिरीत पडला, पिंजऱ्यात अडकला, किंवा उसात दिसला तर बघ्यांची गर्दी करू नये. घेरलेला बिबट्या हा सर्वांत घातक. अशा वेळी जखमी होणारे बहुधा मोबाईलवर चित्रे काढायला पुढे गेलेले तरुण असतात. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक घरात सर्वांना पाठ असावा.

फडात पिल्ले सापडली तर हात लावू नये, घरी आणू नये, दूध पाजू नये. ती वाघाटीची असोत, रानमांजराची असोत वा बिबट्याची. तोड त्या भागापुरती थांबवून वनखात्याला कळवावे. त्यांची माणसे आणि माणिकडोहचे पशुवैद्य पिल्ले तपासून त्याच जागी ठेवतात, आणि आई बहुधा रात्री येऊन घेऊन जाते. पिल्ले हलवली तर बिबट्याची मादी त्यांना शोधत वस्तीवर फिरते, आणि मग गावाची खरी परीक्षा सुरू होते. शिवाय वन्यप्राणी बाळगणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

चावले किंवा ओरबाडले तर

आता माझ्या विषयाकडे येतो. मांजर लहान असो की मोठे, घरचे असो की रानातले, हे प्रत्येकाला आले पाहिजे.

रक्त जोरात वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून घट्ट दाबून धरावे. गळ्याला, मानेला, डोक्याला जखम असेल तर वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दाब सोडून वारंवार उघडून पाहू नये. बिबट्याच्या सुळ्याचे भोक वरून लहान दिसते, पण आत खोल गेलेले असते.

जखम लहान असेल तर पहिली पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, आणि धुण्याने तो जखमेतून वाहून जातो. हे औषध प्रत्येक घरात आहे आणि फुकट आहे. तरीही माझ्याकडे येणाऱ्या जखमांवर हळद, तिखट, चुना, तंबाखू, कधी नाणे बांधलेले आढळते. यातले काहीही लावू नये. तिखटाने होणारी आग म्हणजे विष उतरणे नव्हे. घाईने टाके घालण्याचा आग्रहही धरू नये. ते कधी आणि कसे घालायचे हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

मग लस. वन्यप्राण्याचा चावा किंवा रक्त काढणारा ओरखडा हा सर्वांत गंभीर वर्गात, म्हणजे तिसऱ्या वर्गात धरला जातो. जखम किती लहान आहे याला महत्त्व नाही. या वर्गात दोन गोष्टी लागतात. एक, लस. दंडाच्या स्नायूत दिली तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी दवाखान्यात ती बहुधा कातडीत देतात, तेव्हा वेळापत्रक पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे असते. दुसरी, रेबीज इम्युनोग्लोब्युलिन नावाचे तयार प्रतिकारद्रव्य. हे जखमेतच टोचले जाते, कारण लसीने शरीराची स्वतःची शक्ती तयार होईपर्यंत मधल्या दिवसांत तेच संरक्षण करते. ते पहिल्याच दिवशी घ्यावे. राहून गेलेच तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत घेता येते. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते असेलच असे नाही. म्हणून लस जवळच्या केंद्रात लगेच सुरू करावी आणि प्रतिकारद्रव्य कोणत्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आहे याची तेथूनच फोनवर चौकशी करून घ्यावी. बरोबर धनुर्वाताचे इंजेक्शन, आणि मांजराच्या दातांतील जंतूंमुळे जखम लवकर चिघळते म्हणून डॉक्टर सांगतील ते प्रतिजैविक.

काही शंका नेहमी विचारल्या जातात. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात का? नाही. ती जुनी लस होती, देशात तिचा वापर २००५ पासून थांबला. गरोदर बाईने किंवा तान्ह्या मुलाने लस घ्यावी का? अवश्य घ्यावी. दहा दिवस प्राण्यावर लक्ष ठेवून मग ठरवू, असे चालेल का? घरच्या कुत्र्यामांजरावर दहा दिवस लक्ष ठेवता येते, तेही लस सुरू करून. रानातल्या प्राण्याला हा नियम लागूच नाही. दोन इंजेक्शने झाली, जखम भरली, आता पुढची कशाला? जखम भरण्याचा आणि रेबीजचा संबंध नाही. विषाणू मज्जातंतूंतून गुपचूप वर चढत असतो, आणि लक्षणे दिसू लागली की जगातल्या कोणत्याही रुग्णालयात त्यावर खात्रीचा इलाज नाही. पाश्चर यांनी १८८५ मध्ये पहिली लस दिली, तेव्हापासून आजवर माणसाच्या हाती एकच उपाय आहे, तो म्हणजे लक्षणांच्या आधी लस.

ओरखड्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी काखेत किंवा कोपराजवळ गाठ सुजली, बारीक ताप आला, तर तेही दाखवावे. मांजराच्या नखांतून येणारा एक जंतू असे करतो. बहुतेकांना ते आपोआप बरे होते, पण डॉक्टरांच्या नजरेखाली असावे.

सरकारी मदतीविषयीही दोन शब्द. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास वारसांना शासनाकडून २५ लाख रुपये मिळतात, २०२३ मध्ये ही रक्कम वाढवली गेली. जखमींना आणि दगावलेल्या जनावरांच्या मालकांनाही मदत मिळते. त्यासाठी वनखात्याला लगेच कळवावे, जनावर जागेवरून न हलवता पंचनामा होऊ द्यावा, आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.

मांडवगणात वाघेश्वराचे देऊळ आहे. ज्याच्या शेजारी राहायचे त्याला मान द्यायचा आणि त्याच्यापासून अंतरही राखायचे, हे शहाणपण आपल्या वाडवडिलांना होते. येत्या ग्रामसभेत आपण एवढे तीन प्रश्न विचारा. आपल्या आरोग्य केंद्रात रेबीजची लस आज शिल्लक आहे का? उसाला लागून असलेल्या वस्त्यांवर आणि कोप्यांवर रात्री दिवा आहे का? कोंबड्यांची घाण कुठे टाकली जाते? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळेपर्यंत विचारत राहा. रानमांजराला उंदीर मारू द्या, बिबट्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या, आणि दिवेलागणीला आपली आणि तोडकऱ्यांची सगळी मुले घरात आली की नाहीत, ते मोजून पाहा.